दोन हजार फुटांच्या खालून

९ सप्टेंबर

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस असं धरून चालते. अकरा वर्षांनी लिहितेय. फोन करायची माझी छाती झाली नाही. फोन तू खाली ठेवलास की संपलं. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम असं आहे, की आईला तुमच्याकडे यायचंय. तुला आणि छोटीला बघायला. छोटी म्हणते खरी, पण ती आता सोळाची असेल, म्हणजे तुझ्या खांद्याला लागली असेल.

आई ऐंशीची आहे. जीभ पूर्वीसारखीच आहे, तिला काही झालेलं नाही. छाती मात्र गेली. वर्षभर घरात ऑक्सिजनचं यंत्र आहे. शिवणाच्या मशीनएवढं, दिवसभर घुर्रर्र करत असतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "विमान अजिबात नाही. वर हवा विरळ, यांच्या फुप्फुसांना ती झेपणार नाही." त्यावर आई म्हणाली, "मग जमिनीवरून जाते. जमिनीवर हवा आहे ना पुरेशी? की तीही संपवलीत?" डॉक्टर हसले आणि तिथेच फसले. हसले म्हणजे परवानगी दिली, असं आईने मला जिना उतरताना सांगितलं.

तर जमिनीवरून. मधे दोन देश आहेत, तिसरा तुझा. त्यांची नावं आईच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून तिने आपलीच ठेवलीत. पहिला रबराचा देश, दुसरा नदीचा देश. तिसऱ्याला ती नुसतं 'सुनेकडे' म्हणते.

तुझा पत्ता एका जुन्या ओळखीच्याकडून मिळाला. तुझं पत्र कधी आलं नाही, म्हणून आमच्याकडूनही राहून गेलं. इथल्या पोस्टाचं तुला माहीतच आहे.

पावसाळा संपून व्हिसे हातात आले की, फेब्रुवारीच्या सुमारास निघावं असा विचार आहे. तू काय म्हणतेस ते कळव. आई रोज विचारते.

तुझी नणंद

७ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तर आलं नाही, तरी लिहितेय. पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात असं पोस्टातला माणूस म्हणाला. म्हणजे तुझं उत्तर वाटेत असू शकतं. नसूही शकतं.

दरम्यान मी मार्ग आखायला घेतलाय. तुला हसू येईल. एकवीस वर्षं बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसून मी जगाला गाड्या सांगितल्या, 'फलाट तीन, सव्वाअकरा, मधे जेवायला थांबते', आणि स्वतः आयुष्यात एकदाही सीमा ओलांडली नाही. लोक अजून रस्त्यात अडवून विचारतात, "चौकशीबाई, पाचची गेली का हो?" खिडकी मात्र जुलैत बंद झाली. आता भिंतीवर पडदा लावलाय, त्यावर वेळा सरकतात. पडद्याला कुणी उलट विचारू शकत नाही, म्हणून साहेब खूश आहेत. मला घरी बसायचा पर्याय दिला, तो मी घेतला.

मार्गाचं सांगते. इथून पहिल्या सीमेपर्यंत सहा तास, रस्ता चांगला. रबराच्या देशातून दोन दिवस, सगळा सपाट, दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. आपल्या डेपोतला लांब पल्ल्याचा चालक पूर्वी तिकडे गाडी न्यायचा. तो म्हणाला, "बाई, तिकडे झोप आवरणं हेच काम. वळणच नाही." घोडं अडतं ते नदीच्या देशात. तिथला सरळ रस्ता डोंगरावरून जातो, पाच हजार फूट. नऊ तासांत पलीकडे. सगळे तोच घेतात. पण आईला डॉक्टरांनी दोन हजार फुटांच्या वर जायची बंदी केलीय. म्हणून मी नकाशावर उंचीचे आकडे बघत बसते. लोक नकाशात गावं शोधतात, मी खड्डे शोधते.

खालून एक वाट सापडलीय. नदीतून लाँचने दोन दिवस समुद्रापर्यंत, मग किनाऱ्याकिनाऱ्याने बस, आणि मग तुझ्या सीमेवरचा पूल. पाच दिवसांचे नऊ होतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "मला कुठे परत येऊन कामावर जायचंय?"

आई बोलते माझ्याशी. पण फक्त प्रवासाचं. गाडी किती वाजता, मुक्काम कुठे, यंत्राच्या बॅटऱ्या किती. बाकी काही नाही. वयामुळे असेल.

तू परिचारिका आहेस, म्हणून विचारते. लाँचवर दमट हवेत यंत्र नीट चालतं का? दोन बॅटऱ्या आहेत, एक चार तास जाते. एवढं तरी कळव.

नणंद

३० ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पाकीट काल आलं. आत पत्र असेल म्हणून घाईने फाडलं. उलटं करून झटकलं, तेव्हा ती एकच चिठी खाली पडली. पोस्टाची पोचपावती. अकरा वर्षांपूर्वीची. 'मिळाले' या शब्दापुढे माझी सही, माझ्याच वळणदार अक्षरात. खाली तारीखसुद्धा मीच घातलेली.

तू एक शब्द लिहिला नाहीस. लिहायची गरजही नव्हती.

पोस्टाचा काही दोष नव्हता, वहिनी. तुझी सात पत्रं आली. सातही मी घेतली. आईला एकही दिलं नाही. तुझा पत्ताही जुन्या ओळखीच्याकडून नाही, सातव्या पत्राच्या मागून घेतलाय.

आधी रागाने ठेवून घेतली. दादा गेल्यानंतरच्या त्या दिवसांत मी सगळ्यांसमोर तुला काय बोलले, ते तुला शब्दन् शब्द आठवत असेल. 'स्वतः परिचारिका, आणि हिच्याच घरात माणूस तापाने जातो.' बोलून गेले आणि मग ते खरं असल्यासारखं वागत राहिले. एकदा उंचावरून बोललं की खाली उतरायला शिडी सापडत नाही. तू चार महिन्यांत छोटीला घेऊन गेलीस. पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता कशाला.

पण तिसऱ्या पत्रात तू लिहिलं होतंस, 'आई, तुम्ही इथे या. मला कामावर जाताना पोरीजवळ कुणी नाही.' ते वाचून माझा राग पार उतरला आणि भीती बसली. आई गेली असती. पिशवी भरून दुसऱ्या दिवशी गेली असती. आणि मग त्या दोन खोल्यांत मी एकटी. म्हणून चौथं आलं ते मी दारातच घेतलं, पाचवं डेपोच्या पत्त्यावर वळवून घेतलं. सातव्यानंतर तू थांबलीस.

पत्रं खिडकीच्या खणात ठेवली होती, वेळापत्रकांच्या खाली. खिडकी बंद झाली तेव्हा मी दोन दिवस आजारी होते. डेपोचा शिपाई माझ्या खणातलं सगळं सामान खोक्यात भरून भल्या मनाने घरी पोचवून गेला. खोकं आईच्या हातात दिलं. तिला बारीक वाचता येत नाही, हात थरथरतात, पण तुझं अक्षर तिने ओळखलं. शेजारच्या शिक्षिकेला बोलावून सातही पत्रं वाचून घेतली. मी आत अंथरुणावर होते. एकेक शब्द ऐकू येत होता.

शिक्षिका गेल्यावर आई दारात उभी राहिली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल. तर एवढंच म्हणाली, "मी अकरा वर्षं त्या पोरीला कृतघ्न म्हणत आले. देवासमोर म्हणत आले." मग थोड्या वेळाने, "मला जायचंय तिच्याकडे. तू अडवलंस, तूच पोचव. पत्रही तूच लिही."

त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त गाड्यांच्या वेळा बोलते.

पहिल्या पत्रात तुला खरं लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि हात पुन्हा जुन्या वळणावर गेला. मी माफी मागत नाही, ती मागायला तोंड नाही. फक्त आईला माझ्या पापाची शिक्षा नको. यायचं तिला आहे.

३० तारखेलाच टपालात टाकते. उद्यावर ठेवलं तर टाकणार नाही.

२ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. पहिली दोन पानं नुसते प्रश्न. झोपेत ऑक्सिजन किती, चालताना किती, पायांना सूज आहे का, रात्री उशा किती लागतात, शेवटचा एक्स-रे कधीचा. डॉक्टरांकडून सगळं लिहून आणलंय, सोबत जोडलंय. ते म्हणाले, "प्रश्न विचारणारी कोण आहे? हुशार दिसते." मी म्हटलं, आमची सून आहे.

आणि शेवटी ती तुझी अट. 'आईंना आणा. मी रजा टाकून पुलावर येते. तुम्ही पुलाच्या तुमच्या बाजूपर्यंत या. त्यापुढे नको.'

मान्य आहे. मी तुझ्या देशाचा व्हिसा काढणार नाही. फक्त आईचा काढते, तीन महिन्यांचा. आईला ही अट वाचून दाखवली. मनात आशा होती, की ती म्हणेल, 'असं कसं, एवढ्या लांब येऊन?' ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं." आणि पुढे, "पुलाच्या अलीकडे राहायला सोय आहे का बघ. तुला त्याच दिवशी परतायला जमणार नाही, पाठ दुखते तुझी." हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पत्राच्या कडेला दुसऱ्या शाईत तीन ओळी होत्या, त्या तुला न विचारता लिहिलेल्या दिसतात. 'आत्या, मला आजीचं घर आठवत नाही. फक्त जिना आठवतो. पायऱ्या किती होत्या?' अक्षर वाकडंतिकडं, पण मराठी आहे. तू शिकवलंस. तिला सांग, एकोणीस. वरून चौथी तुटकी होती, अजून तुटकीच आहे.

आता एक सांगायचं राहिलंय. पुलावर समोरासमोर बोलायची वेळ येणार नाही, म्हणून इथेच.

दादा गेला त्याच्या तीन दिवस आधी, दुपारी अडीचच्या सुमाराला तो डेपोत माझ्या खिडकीवर आला होता. हे कुणालाच माहीत नाही. मधे काच होती, तिला बोलायला भोक असतं ना, त्यावर ओणवा होऊन म्हणाला, "अंग मोडून आलंय गं. जरा आत येऊन बसू का? घशाला कोरड पडलीय." त्याच्या मागे वीसेक माणसं होती. सुट्टीचे दिवस, गर्दी. मी म्हटलं, "दादा, रांग बघ ना. घरी जा, गोळी घे, झोप." तो हसला. "बरं, चौकशीबाई," म्हणाला आणि गेला. मी पुढच्याला म्हटलं, "बोला, कुठे जायचंय?"

संध्याकाळी तू त्याला ताप बघून गोळी दिलीस, तीच गोळी कुणीही दिली असती. दुसऱ्या दिवशी तूच त्याला दवाखान्यात नेलंस. मला हे सगळं ठाऊक होतं. लोकांसमोर तुझ्याकडे बोट दाखवलं, ते माझ्याकडे कुणाचं वळू नये म्हणून.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. पत्रांबद्दल कळल्यावर एवढं केलं तिने. हे कळलं तर काय करेल, त्याची कल्पना करवत नाही.

नणंद

२१ जानेवारी

वहिनी,

घाईत लिहितेय. सगळं ठरलं. ७ फेब्रुवारीला निघतो, १५ला दुपारी पुलावर. मुक्कामांची यादी सोबत आहे, प्रत्येक ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची कंसात. सगळ्यात उंच जागा अकराशे फूट, तीही तासाभरासाठी.

नदीच्या देशाच्या कचेरीने आईचा अर्ज दोनदा परत केला. आधी फोटोत कान दिसत नाहीत म्हणून, मग व्यवसायाचा रकाना रिकामा म्हणून. मी 'काही नाही' लिहायला निघाले, तर आई म्हणाली, "साठ वर्षं काही नाही केलं का मी? लिही, घर चालवते." तेच लिहिलं आणि मंजूर झालं.

लाँचच्या सारंगाशी, म्हणजे ती चालवणाऱ्याशी, डेपोतल्या चालकाने बोलून ठेवलंय. उन्हाळ्यात पाणी उतरतं, पण फेब्रुवारीत अजून चालते म्हणे. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. वेळापत्रक करणाऱ्यानेच वेळापत्रकावर किती विश्वास ठेवायचा, ते मला कळतं.

आईने तुझ्यासाठी स्वतःच्या हाताने दोरा ओवून उशीचा अभ्रा शिवायला घेतलाय. टाके भातात खडे असावेत तसे पडलेत. हसू नकोस तिच्यासमोर.

आता पत्र पाठवू नकोस, आम्ही निघालेलो असू.

१६ फेब्रुवारी

वहिनी,

पुलाच्या अलीकडच्या धर्मशाळेत बसून लिहितेय. खोलीला एक खिडकी आहे आणि तिच्यातून पूल दिसतो. काल तुम्ही तिघी पलीकडे गेलात तो.

कालचं तुला माहीत आहे. मी त्याच्या आधीचं लिहिते, ते आई कदाचित सांगणार नाही.

रबराच्या देशात सगळं सुरळीत झालं. चालक म्हणाला होता तसंच, वळण नाही. आई खिडकीशी बसून झाडं मोजत होती, चारशेनंतर कंटाळली. नदीच्या देशात चौथ्या दिवशी लाँचवर चढलो. पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला लाँच वाळूत रुतली.

आधी सगळे विनोद करत होते. माणसं उतरून ढकलत होती. एक तास गेला, दोन गेले. पहिली बॅटरी आदल्या रात्रीच संपलेली, दुसरी अर्धी. मी सारंगाला खुणेने सांगितलं, त्याने एक बोट वर केलं, म्हणजे होईल तासाभरात. सव्वा वाजता यंत्राने शिट्टी दिली आणि बंद पडलं. ती घुर्रर्र थांबली तेव्हा कळलं, वर्षभर तिच्या आवाजात किती जिवंतपणा होता.

आईचे ओठ निळसर व्हायला लागले. तू लिहिलं होतंस तसं तिला पुढे वाकवून बसवलं, हात टेबलावर, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायला लावला. मी पुन्हा पुन्हा यंत्राचं बटण दाबत होते, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बोल. काहीतरी बोल. तू घाबरलीस की मला... जास्त धाप लागते."

काय बोलणार? तोंडातून तेच आलं. दादाचं. खिडकी, काच, रांग, अडीच वाजता, घशाला कोरड. सगळं सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. वाटलं असेल, की ही आता जातेय आणि हिला खोटं बरोबर देऊन पाठवू नये.

आई ऐकत होती. एकेक शब्दाला थांबत म्हणाली, "सकाळी... मलाही म्हणाला होता. आई, अंग तापल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं... ऊठ, सोमवार आला की तुला... ताप येतो." मग बराच वेळ नुसती फुंकर. मग, "तिघींना सांगितलं त्याने. सकाळी मला, दुपारी तुला, संध्याकाळी तिला. तिघींनी... एकच सांगितलं. होईल बरं."

आणि जरा दम आल्यावर, "तिने निदान गोळी दिली."

वहिनी, अकरा वर्षं आईही ते एकटीच घेऊन बसली होती. मी तुला सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा ती गप्प का राहिली, याचं मला कायम नवल वाटायचं. ती स्वतःला वाचवत होती. माझ्यासारखीच. त्याच घरात, भिंतीच्या दोन बाजूंना दोघी.

तेवढ्यात सारंग आला. त्याने इंजिन नुसतंच चालू ठेवलं आणि तिथून वायर ओढून आमच्यापर्यंत आणली, टोकं फडक्यात गुंडाळून. घामाने निथळत होता. यंत्र पुन्हा सुरू झालं. चाळीस मिनिटं गेली होती मधे. आईने त्याला हात जोडले, तर तो लाजून जे म्हणाला ते आमच्या भाषेत नव्हतं. वाळूतून सुटायला चार वाजले.

त्यानंतर किनाऱ्याच्या बसमध्ये आई माझ्याशी बोलली. गाड्यांच्या वेळा सोडून. म्हणाली, "तुझे केस पिकलेत. मी पाहिलंच नव्हतं."

आता काल. पुलावर सीमेच्या दोरीच्या अलीकडे मी थांबले, ठरलं होतं तसं. छोटी हॉस्पिटलची चाकांची खुर्ची ढकलत आली, आणि क्षणभर मला दादाच चालत येतोय असं वाटलं, तशीच एक खांदा वर करून. तू आधी आईच्या बोटाला तो नाडी बघायचा चिमटा लावलास, मग पाया पडलीस. आई रडत होती आणि तू आकडा वाचत होतीस. मी दोन्हींकडे बघत होते.

आणि मग वळताना तू माझ्याकडे बघून काहीतरी म्हणालीस. त्याच वेळी मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. मला 'घरापर्यंत' एवढं स्पष्ट ऐकू आलं. पुढचा शब्द एका अक्षराचा होता. 'या' होता की 'जा', ते कळलं नाही. मी मान डोलावली, दोन्हींना चालेल अशी. तू पुढे निघून गेलीस.

रात्रभर तोच विचार. 'आता नीट घरापर्यंत जा' म्हणाली असशील, तर तेही बरंच आहे, ते कोण म्हणतं हल्ली? मी उद्या सकाळच्या बसने निघते. पण मे महिन्यात आईला परत आणायला कुणीतरी यावं लागेल, तेव्हा मी कुठपर्यंत यायचं, ते तुझ्या शब्दांत मला हवंय. पुलापर्यंत म्हणालीस तर पुलापर्यंत येईन. न बोलता येईन.

आईची निळी गोळी सकाळी, पांढरी जेवणानंतर. ती पांढरी जिभेखाली लपवते आणि नंतर कुंडीत टाकते. लक्ष ठेव.

तुझी नणंद

५ मार्च

ताई,

'या' म्हणाले होते.

तुम्ही मान डोलावलीत ती बघून मला वाटलं कळलं. ट्रकवाल्याला मीही दोन शब्द ऐकवलेत.

पांढरी गोळी कुंडीत नाही, उशीखाली सापडली. आता मी समोर उभी राहून पाणी पाजते. आईंची सूज उतरलीय. त्या आणि पोरगी दिवसभर बोलत असतात. पोरीला एखादा शब्द अडला, की आई आधी तिला हसतात आणि मग सांगतात. अभ्र्याला मी हसले नाही. पोरगी हसली.

आईंनी मला सकाळचं सांगितलं. स्वतःच सांगितलं, पहिल्याच आठवड्यात. मग मीही त्यांना माझं सांगितलं. त्या संध्याकाळी मी दोन पाळ्या करून आले होते. त्याच्या कपाळाला हात लावला आणि मनात म्हटलं, आजचा दिवस राहू दे, उद्या बघू. अकरा वर्षं तुमच्यावर चिडताना मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, सांगू? की तुम्ही बोललात ते मी स्वतःलाही रोज बोलत होते.

तुमचं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा मी ते आठ दिवस कामाच्या पिशवीत घेऊन फिरले. माफ केलं असं लिहू शकत नाही. सात पत्रांचं तर नाहीच. पोरगी सहा वर्षांची असताना तापाने फणफणली होती. मी तिला शेजारच्या अनोळखी बाईकडे ठेवून कामावर गेले, त्या दिवशी मी पाचवं पत्र लिहिलं होतं. हे तुम्हाला माहीत असावं. कधी जमलं तर कळवीन, नाही जमलं तर तसंच राहील. तरी या.

सोबत निमंत्रणाचा कागद आहे. हॉस्पिटलच्या कचेरीतून शिक्का मारून घेतलाय, व्हिसाच्या खिडकीवर तोच दाखवा. एप्रिलच्या अखेरीस निघा, म्हणजे आईंबरोबर इथे दोन आठवडे मिळतील. एकट्या असाल तेव्हा डोंगरावरून या, पाच दिवसांत पोचाल. उगाच नदीत रुतू नका.

कागद नीट वाचून घ्या. नात्याच्या रकान्यात मी 'बहीण' लिहिलंय. कारकुनाने दोनदा विचारलं, सख्खी का? मी हो म्हटलं. इथल्या भाषेत नणंदेला शब्द नाही.